गोड बोलायचं नाही

"काका, बोट."

"कुठलं बोट?"

"भिंतीवरचं."

शिट्टीकाकांनी भिंतीकडे असं पाहिलं, जणू ते बोट दुसऱ्याच कुणाचं आहे आणि ते तिथे कसं आलं याची चौकशी व्हायला हवी. मग त्यांनी ते हळूच उचललं. वजनकाट्याचा काटा टुणकन पुढे सरकला.

"एवढं वजन इतका वेळ भिंतीने उचललं होतं," सिस्टर म्हणाल्या. "तिलाच पगार द्यायला हवा."

बाकावर बसलेली सगळी मंडळी हसली. काकासुद्धा हसले, पण जरा उशिरा, म्हणजे आपण आधी हसलो असतो तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं या हिशेबाने. या माणसाने उभी हयात फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात घालवली होती. अर्ध्या मैदानापलीकडून कुणाच्या हाताला चेंडू पुसटसा लागला तरी ह्यांना दिसायचा. आणि आता स्वतःच्या वजनाची वेळ आली तर साहेब भिंतीला बोट लावून उभे.

सिस्टरांना याचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. हृदयाच्या वॉर्डात त्यांचे केस पांढरे झाले होते. आवाज असा की एका टोकाला "कोण बिछान्यातून उठलं?" म्हणाल्या की दुसऱ्या टोकाचे पाय आपोआप पांघरुणात जायचे. चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम टेबलावर. त्यांचं एकच दुःख होतं आणि ते फार जुनं होतं: इथून बरी होऊन गेलेली माणसं परत यायची. जाताना कशी अगदी थाटात जायची, सगळ्यांचा निरोप घेत, आयाबाईंना हात जोडत. आणि थोड्याच दिवसांत चाकाच्या खुर्चीवरून परत, पाय उशीसारखे सुजलेले, वाक्याच्या मध्येच श्वास संपलेला.

हृदय थकलं की असंच होतं. ते बंद पडत नाही, फक्त पाणी उपसायचं काम अर्धवट टाकायला लागतं. ते पाणी पायात उतरतं, पोटात साठतं आणि शेवटी छातीत चढतं. पण बिचारं दार वाजवून येतं. सकाळचं वजन वाढतं, बूट घट्ट होतो, झोपताना एक उशी जास्त लागते. ज्याने ही टकटक ऐकून लगेच कळवलं, त्याची पाणी उतरवायची गोळी वाढवून त्याला घरच्या घरी सावरता येतं. ज्याने कानाडोळा केला, त्याला मग ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकावा लागतो.

हे सगळं सांगणारं एक छान रंगीत पत्रक रुग्णालय प्रत्येकाला द्यायचं. सिस्टर एकदा एका पेशंटच्या घरी गेल्या, तर ते पत्रक स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली होतं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की कागद पुरे झाले. माणसाला माणूसच लागतो.

मग त्यांनी जोड्यांची कल्पना काढली. दोन पेशंटांची एक जोडी. रोज सकाळी एकाने दुसऱ्याला फोन करायचा, वजन विचारायचं, उशा विचारायच्या, पाय विचारायचे. काही वावगं वाटलं तर सिस्टरांना कळवायचं. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी इथे यायचं, काट्यावर उभं राहायचं, आणि खारं न खाता जगता येतं का यावर चर्चा करायची.

हृदयाचे डॉक्टर वयाने सिस्टरांपेक्षा बरेच लहान होते, मनाने मोठे होते, आणि कायम उभ्याउभ्या बिस्किट खात असायचे. ते म्हणाले, "सिस्टर, हे तर लग्न जुळवणं झालं."

"लग्नापेक्षा बरं. इथे निदान रोज कुणीतरी तब्येत विचारेल."

डॉक्टरांनी त्यांना प्लास्टरची खोली मिळवून दिली. प्लास्टरवाला आपलं स्टूल आणि बादली घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेला, जाताना त्याने दाराची चौकट अशी कुरवाळली की बघणाऱ्याला वाटावं मुलगी सासरी निघाली. "थंडी संपेपर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले. थंडी या माणसांना सर्वांत वाईट. "तुमची माणसं पुन्हा खाटेवर यायला लागली, तर मात्र मला वर उत्तर देता येणार नाही. खोली जाईल, कार्यक्रमही जाईल."

सिस्टरांना आयुष्यात हवं होतं त्यातलं बरंचसं मिळून गेलं होतं आणि उरलेलं न मिळता राहून गेलं होतं. आता एवढंच हवं होतं. ही माणसं आपापल्या घरी राहावीत.

जोड्या लावताना त्यांनी साधा विचार केला, कुणीही केला असता तोच. ज्यांचं पटेल त्यांना एकत्र बांधायचं. शिट्टीकाकांची जोडी त्यांनी शिवणमावशींशी लावली. मावशींनी कोपऱ्यावरच्या दुकानात जन्मभर शाळेचे गणवेश शिवले होते. निम्मं गाव त्यांच्या चुण्या अंगावर घालून शहाणं झालं होतं. काकांची बायको केव्हाच गेलेली, मावशींच्या वरच्या मजल्यावरच्या घरी एक भाचा, तोही दिवसभर कामावर. दोघांनाही बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"उठलात का शिट्टी?"

"मी कधीचा उठलोय. वजन?"

"कालच्याएवढंच. तुमचं?"

"माझंही तेवढंच. उशा?"

"दोनच. पाय कसे आहेत?"

"पायाच्या जागी आहेत."

एवढ्यावर काम संपायचं आणि पुढे तासभर गप्पा चालायच्या. काकांची सून एकदा सिस्टरांना म्हणाली, "तुम्ही काय केलंत हो? बाबा एकटेच हसतात फोनवर. मला आधी वाटलं, औषध बदललं." सिस्टरांना गगन ठेंगणं झालं. वॉर्डात जाताना त्या गुणगुणायला लागल्या, तेव्हा दोन पेशंटांनी घाबरून घंटी वाजवली.

आणि मग एका सकाळी शिवणमावशींना खुर्चीवरून आणलं.

भाचा खुर्ची ढकलत होता आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "काही बोललीच नाही हो, काही बोललीच नाही." मावशींचे ओठ निळसर झाले होते. सिस्टरांनी ऑक्सिजन लावला, सुई टोचली, पाठीमागे उशा रचल्या. मावशींनी पहिला पुरा श्वास घेतल्यावर सिस्टरांनी विचारायचं होतं ते विचारलं नाही. आधी पाय बघितले. असे पाय एका रात्रीत होत नाहीत.

तेवढ्यात शिट्टीकाका आले. भाच्याने त्यांना कळवलं होतं. काका धापा टाकत दारात उभे राहिले आणि सिस्टरांची नजर पुन्हा खाली गेली. एका पायात बूट होता, दुसऱ्या पायात घरातली सपात. दुसरा बूट चढलाच नव्हता.

"काका, काट्यावर चला."

"आधी ती कशी आहे ते सांगा."

"काट्यावर."

काका चढले. भिंतीला हात लावला नाही. काटा जिथे थांबला तिथे सिस्टरांनी पाहिलं, आणि मग शेजारची खाट झाडली.

दुपारपर्यंत दोघांच्याही छातीतलं पाणी उतरायला लागलं आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी भांडण सुरू झालं.

"तुम्ही खोटं बोललात, शिट्टी."

"आधी तुम्ही बोललात. मी कालच्याएवढंच म्हणालो कारण तुम्ही कालच्याएवढंच म्हणालात."

"मी म्हणाले कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही या थंडीत दोन बस बदलून आला असतात. माझा जिना तुम्हाला चढवत नाही."

"आणि मी सांगितलं असतं तर तुम्ही रात्रभर जागला असतात. मला माहीत नाही का तुम्ही."

सिस्टर मधोमध उभ्या होत्या. "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांची काळजी घेत होता," त्या म्हणाल्या.

"मग काय तर," दोन्हीकडून एकदमच आलं. यात विचारण्यासारखं काय आहे, असा सूर.

संध्याकाळी डॉक्टर आले. आज त्यांच्या हातात बिस्किट नव्हतं. "सिस्टर, कल्पना वाईट नव्हती," ते म्हणाले. त्या 'नव्हती'मध्ये सगळं आलं. खोलीच्या दारात प्लास्टरवाला टेप घेऊन उभा होता. सिस्टरांनी पाहिल्यावर म्हणाला, "काही नाही, सहज मोजत होतो."

"थंडी अजून संपलेली नाही, डॉक्टर."

"नाही संपली," डॉक्टर म्हणाले आणि मान खाली घालून गेले. ही या माणसाची चांगली बाजू. नाही म्हणायला त्यांना वेळ लागायचा.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी जेवणाचा डबा उघडला आणि आईचा फोन आला. आई लांबच्या गावी, भावाकडे असायची.

"जेवलीस का गं?"

"हो आई, आत्ताच." डब्याला हात लागलेला नव्हता.

"पाठ?"

"एकदम मस्त." पाठ इतकी दुखत होती की त्या उभ्यानेच जेवणार होत्या. "तुझा गुडघा कसा आहे?"

"गुडघा? मी तर विसरूनच गेले त्याला," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजामागून काठीची ठकठक ऐकू आली.

फोन ठेवल्यावर सिस्टर बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. चूक त्या दोघांची नव्हतीच, चूक त्यांची स्वतःची होती. ज्यांचं पटतं ती माणसं खरं सांगतात असं त्यांनी कशावरून धरलं होतं? आईला त्या रोज खोटं सांगत होत्या, आई त्यांना रोज खोटं सांगत होती, आणि दोघी सुखात होत्या. मग आपली पाठ मोडलीय हे या जगात खरंखुरं कुणाला माहीत आहे?

जावेला.

धाकट्या जावेशी त्यांचं विस्तवही जात नसे. पण गेल्याच महिन्यात ती ओठ मुरडून म्हणाली होती, "बऱ्या दिसताय की," आणि सिस्टर तिथल्या तिथे उसळल्या होत्या, "बरी कसली? कुठे दुखतं, कधी दुखतं, ऐकायचंय?" आणि जावेने ते एकूण एक ऐकून घेतलं होतं, पुढे वापरायला. सिस्टरांच्या पाठीची इतकी नेमकी माहिती हाडांच्या डॉक्टरांकडेही नव्हती.

त्या आठवड्यात सिस्टर काट्यापाशी उभ्या राहिल्याच नाहीत. त्या बाकावरच्या मंडळींकडे बघत होत्या. कोण कुणाकडे पाठ करून बसतं. कोण बोलायला लागलं की कुणाच्या भुवया वर जातात.

शिट्टीकाका बरे होऊन घरी गेले आणि पुन्हा यायला लागले, तेव्हा त्यांच्याकडे पाठ करून बसणारा माणूस म्हणजे गोली. हा पूर्वी गोलरक्षक होता. पुढे त्याने खिळे, स्क्रू, कड्याकोयंड्यांचं दुकान टाकलं आणि अजून गल्ल्यावर बसत होता. कोणे एके काळी एका अंतिम सामन्यात, शेवटच्या क्षणी, काकांनी त्याच्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली होती. तेव्हापासून त्याने काकांना साधा एक खिळा विकला नव्हता. काका गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खिळे आणायचे.

"त्याच्याशी जोडी?" काका म्हणाले. "त्यापेक्षा मला ॲम्ब्युलन्सचा भोंगा चालेल."

"याला एवढा मोठा चेंडू दिसला नाही," गोली छताकडे बघत म्हणाला. "काट्यावरचा आकडा काय दिसणार?"

"तेच तर म्हणते मी," सिस्टर म्हणाल्या. "याच्यावर नजर ठेवायला तुमच्याइतका योग्य माणूस मला कुठे मिळणार?"

गोलीने छताकडून नजर काढली. पहिल्यांदाच त्याचे डोळे चमकले.

मावशींना त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंशी बांधलं. बाईंचं कित्येक वर्षांचं म्हणणं होतं की मावशी स्कर्टची लांबी बोटभर कमी शिवतात आणि ते कापड घरी नेतात. आणि काका आणि मावशी यांनी फोन करायचा नाही असं सिस्टरांनी मुळीच म्हटलं नाही. "संध्याकाळी करा, हवा तेवढा वेळ करा. फक्त तब्येत सोडून बोला."

"मग बोलायचं काय?" मावशी म्हणाल्या.

"ते माझ्या कार्यक्रमात येत नाही."

तर आता काकांची सकाळ अशी उगवायला लागली:

"वजन सांग, आंधळ्या."

"कालच्याएवढं."

"काल खोटं होतं की आज खोटं आहे?"

"हे बघ भोक्या..." हा शब्द काकांनी खास त्याच्यासाठी शोधला होता, जाळीला पडलेल्या भोकावरून.

"एका दमात वीस अंक मोज. मोठ्याने."

काका मोजायचे. बाराला दम गेला तर गोलीच्या आवाजात आनंद मावायचा नाही. "सिस्टरला तू कळवतोस की मी? मी कळवलं तर मीठमसाला लावून सांगेन."

"मीठ तुला बंद आहे."

एकदा फोनवर नुसतं कुरुमकुरुम ऐकून गोलीने खारे दाणे पकडले. पाचव्या मिनिटाला सिस्टरांचा फोन वाजला. "तुमचे पेशंट दाणे खातायत. मी आपलं कर्तव्य म्हणून सांगतो." पुढच्या आठवड्यात काकांनी त्याला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाण्याचं माप चुकवताना पकडलं आणि त्या दिवशी काका इतके खुशीत होते की सुनेने पुन्हा औषधांची चिठ्ठी तपासली.

थंडी ओसरली. सिस्टरांची माणसं खाटेवर अगदी आलीच नाहीत असं नाही, पण आली ती चालत आली, वेळेत आली आणि लवकर गेली. प्लास्टरवाल्याने व्हरांड्याच्या टोकाला स्वतःची खुंटी ठोकून घेतली. डॉक्टरांनी खोलीबद्दल काही म्हटलं नाही, नुसता बिस्किटांचा एक डबा आणून तिथल्या कपाटात ठेवला. बिनमिठाची. कुणालाच आवडली नाहीत.

काका आणि मावशी रोज संध्याकाळी बोलत राहिले. कशावर, ते कुणालाच कळलं नाही.

आणि एका सकाळी मुख्याध्यापिकाबाईंनी सिस्टरांना फोन केला. त्यांचा शाळेतला करडा आवाज कुठेतरी गेला होता. "ती उचलत नाहीये. माझा फोन ती कधी टाळत नाही हो. भांडायचं असतं तिला."

मावशी झोपेतच गेल्या होत्या, स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणावर. आदल्या दिवशीचं वजन बरोबर होतं. पायांना सूज नव्हती. हृदय थकलं होतं ते थकलं होतं, एवढंच.

"त्यांनी सगळं नीट केलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीसुद्धा, सिस्टर."

सिस्टरांनी मान हलवली आणि चष्मा शोधायला लागल्या. डॉक्टरांनी तो त्यांच्या डोक्यावरून काढून त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर काही दिवसांनी शिट्टीकाका खोलीत आले, त्यांचा वार नसताना. खुर्चीवर बसले. सिस्टरांच्या मनात खूप काही बोलायचं होतं, मऊ मऊ, पण काकांनी हात वर केला.

"सिस्टर, एक तक्रार आहे."

"सांगा."

"तो भोक्या माझ्याशी गोड बोलतोय."

सिस्टरांनी हातातली वही मिटली.

"परवा म्हणाला, जेवलास का. काल म्हणाला, राहू दे आज काटाबिटा, पडून राहा. मला नावाने हाक मारली त्याने." काका जरा थांबले, श्वास घेतला. "आज मी म्हणालो, कालच्याएवढंच. तर म्हणाला, बरं. सिस्टर, त्याने नुसतं बरं म्हटलं."

खिडकीबाहेर प्लास्टरवाला कुणाला तरी पाय हलवू नका म्हणून ओरडत होता.

"त्याला सांगा तुम्ही," काका म्हणाले. "तो असा गोड बोलायला लागला तर मी खोटंच सांगणार. मला माझा भरवसा नाही. आणि ती दाखवून गेली ना, नीट राहूनही माणूस जातोच. मग मी कशाला..." पुढचं वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

सिस्टर व्हरांड्यात गेल्या आणि गोलीला फोन लावला.

"जमत नाही हो, सिस्टर," तो म्हणाला. "माणूस एवढा एकटा पडलाय. आता कुठल्या तोंडाने त्याला शिव्या घालू?"

"त्याच तोंडाने. नाहीतर पुढच्या आठवड्यात तो माझ्या खाटेवर असेल आणि तुम्ही त्याच्याशी इथे येऊन गोड बोलत बसाल."

पलीकडे बराच वेळ दुकानाचे आवाज येत राहिले. मग फोन बंद झाला.

सिस्टर आत आल्या तेव्हा काकांच्या खिशात फोन वाजायला लागला होता. काकांनी तो काढला, स्पीकर लावला आणि जरा लांब धरला, त्यांना जवळचं दिसायचं नाही. गोलीने आधी घसा साफ केला.

"वजन सांग," तो म्हणाला. मग थांबला. मग म्हणाला, "आंधळ्या."

इतक्या बारीक आवाजात कुणी कुणाला शिवी दिलेली सिस्टरांनी ऐकली नव्हती. त्यांनी पाठ वळवली आणि कपाट आवरायला घेतलं.

काकांनी डोळे मिटले. "वाढलंय," ते म्हणाले. "तीन दिवस झाले. पायही सुजलेत."

"मग मला काय सांगतोस?" आवाज आता थोडा जमला होता. "सिस्टरला सांग."

"तिच्यासमोरच बसलोय, भोक्या."

यावर गोलीने फोन ठेवला नाही आणि काकांनीही नाही. सिस्टरांनी अर्धा पेला पाणी ओतलं, गोळी काढली आणि काकांच्या हातावर ठेवली. टेबलावर फोन तसाच चालू होता. पलीकडे दुकानात कुणी गिऱ्हाईक खिळे मागत होतं, आणि गोली त्याला म्हणत होता, जरा थांबा.